आजची भाकर

आमच्या घरी जेवणाआधी उपकारस्तुती व्हायची आणि ती कोणी करायची याच्या पाळ्या ठरलेल्या होत्या. अण्णांची पाळी आली की आम्ही भावंडं हबकायचो. अण्णा शाळामास्तर. त्यांची प्रार्थना ताटातल्या अन्नापासून निघायची आणि आजारी माणसं, विधवा, अनाथ, मंडळीचे पाळक, पाऊसपाणी, देशाचे अधिकारी असे मुक्काम करत जायची. तोवर पिठल्यावर साय धरायची. शेवटी आईच्या बांगड्या वाजायच्या. मुद्दाम वाजवलेल्या. तो आवाज कानावर पडला की अण्णा लगबगीने ‘येशूच्या नावाने’वर यायचे. आम्ही एका दमात ‘आमेन’ म्हणून भाकरी मोडायचो.

आईची पाळी असली की ती दोन वाक्यांत मोकळी व्हायची. “प्रभू, दिलंस. आभार.” लहानपणी मला वाटायचं, अण्णांचा विश्वास मोठा आणि आईचा बेताचा. प्रार्थनेची लांबी हेच माझं माप होतं. आई ताटावर बसेपर्यंत तिचं देवाशी बरंचसं बोलणं आटोपलेलं असतं, हे फार उशिरा कळलं.

नगर जिल्ह्यातलं आमचं गाव. अमेरिकन मराठी मिशनने 1831 मध्ये नगरला काम सुरू केलं, त्या कामाची एक फांदी आमच्या गावापर्यंत आलेली. देवळाला घंटा होती, पण आमची सकाळ उजाडायची ती भाकरी थापल्याच्या आवाजाने. आई चुलीपुढे बसलेली असायची. परातीत ज्वारीचं पीठ, मध्ये आळं, आळ्यात पाणी. भाकरीचं पीठ कणकेसारखं एकदाच मळून ठेवता येत नाही. एका भाकरीपुरतं घ्यायचं, तळहाताने रगडायचं, गोळा करायचा, थापायचा. पुढच्या भाकरीला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. थापताना तिचे ओठ हलत असायचे. एकदा मी कान देऊन ऐकलं. त्यात शास्त्रातलं एकही वाक्य नव्हतं. थोरल्याचा गणिताचा पेपर, शेजारच्या काकूंचं बाळंतपण, रॉकेलचा डबा तळाला गेलेला, आणि मधेच थोडी फणकाऱ्याने, “तुला काय सांगायचं, तुला दिसतंयच की.”

मग भाकर दोन्ही तळव्यांवर उचलून ती तव्यावर टाकायची, पिठाची बाजू वर. त्यावरून पाण्याचा हात फिरवायची आणि ते पाणी सुकायच्या आत उलटायची, नाहीतर चिरा पडतात. दुसरी बाजू शेकली की भाकर चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांसमोर उभी. ती टम्म फुगेपर्यंत आईचं बोलणं थांबायचं. तेवढ्यापुरतं लक्ष देवावरून भाकरीवर येत असेल. किंवा या दोन्हींत तिला फारसं अंतर वाटत नसेल.

ख्रिस्ताने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेत पोटासाठी एकच मागणं आहे, आणि मराठी शास्त्रात तिथे ‘भाकर’ हाच शब्द आहे. ‘अन्न’ म्हणूनही भागलं असतं. पण कोण्या भाषांतरकाराने ‘भाकर’ लिहिलं आणि गालीलातली ती प्रार्थना थेट आमच्या चुलीपाशी येऊन बसली. मूळ ग्रीकमध्ये या भाकरीला जे विशेषण आहे, एपिऊसिओस, त्याने विद्वानांना तिसऱ्या शतकापासून घोळवलं आहे. हा शब्द शुभवर्तमानकारांनीच घडवला असावा, असं ओरिगेनला वाटलं. जेरोमने लॅटिन भाषांतर करताना हाच शब्द लूकमध्ये ‘रोजची’ असा घेतला आणि मत्तयमध्ये भौतिकाच्या पलीकडची भाकर अशा अर्थाने. काहींच्या मते त्याचा अर्थ ‘उद्याची’. हे सारं मी एकदा मोठ्या उत्साहाने आईला सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “उद्याची आजच मागून ठेवलीस, तर उद्या त्याच्याशी बोलायला काय राहील?”

मला मात्र साठवायचीच हौस. तरुणपणी उज्जीवन सभांना जायचो. तीन दिवस मांडव, पेटी-तबला, शेवटच्या रात्री डोळे ओले, नवी वही, नवे निश्चय. हा साठा साधारण आठ दिवस पुरायचा. मग वर्षभरात पवित्र शास्त्र वाचून काढायचा तक्ता. 1 जानेवारीला सुरुवात. उत्पत्ती पळते, त्यात गोष्टी आहेत. निर्गम तांबडा समुद्र ओलांडेपर्यंत जोरात असतो, मग निवासमंडपाच्या पडद्यांची मापं लागली की मंदावतो. फेब्रुवारीत लेवीय लागतं आणि होमार्पणाच्या धुरात तक्ता दिसेनासा होतो. माझ्याकडे शास्त्राच्या तीन प्रती आहेत. तिन्हींत खुणेची फीत लेवीयच्या आठव्या-नवव्या अध्यायाच्या आसपास पडलेली आहे.

खरं तर निर्गमाच्या सोळाव्या अध्यायातच थांबायला हवं होतं. अरण्यात इस्राएल लोकांना मान्ना मिळायचा. रोज सकाळी माणशी एक ओमर गोळा करायचा, सकाळपर्यंत मागे ठेवायचा नाही. काहींनी ठेवला, तर त्यात किडे पडले. फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट घ्यायचा, तो टिकायचा. शब्बाथशाळेत हा धडा लोभावरचा म्हणून शिकवला होता. त्यात प्रार्थनाही आहे, हे कोणी सांगितलं नव्हतं.

अण्णा गेले त्या वर्षी माझं देवाशी बोलणं थांबलं. भांडण नव्हतं. भांडायलाही बोलावं लागतं. नुसता अबोला. दर रविवारी देवळात जायचो. ‘उपासना संगीत’ हे भजनांचं पुस्तक उघडायचीही गरज नव्हती, नारायण वामन टिळकांची भजनं तोंडपाठ होती, ओठ आपोआप म्हणायचे. आई आपली रोज थापत होती. भाकरी मोजून व्हायच्या, आता एक कमी, एवढाच फरक. थापताना ओठ हलत होते की नाही, हे पाहायचं मी टाळलं.

शिळी भाकर आई कधी टाकायची नाही. ताकात कुस्करायची, नाहीतर कांदा-मिरचीची फोडणी देऊन तुकडे करायची. त्या वर्षी असंच एकदा फोडणीचे तुकडे खाताना मला अडखळायला झालं. कारण शास्त्रात मान्न्याची गोष्ट आहे, तशी तुकड्यांचीही आहे. योहानाच्या शुभवर्तमानात एका पोराच्या जवाच्या पाच भाकरी आणि दोन मासळ्या पाच हजारांना पुरतात आणि सगळ्यांचं पोट भरल्यावर येशू उरलेले तुकडे गोळा करायला सांगतो, काही वाया जायला नको म्हणून. 12 टोपल्या भरतात. मान्ना ठेवायचा नाही आणि तुकडे टाकायचे नाहीत, हे कसं? मला उमगलं ते एवढंच, की साठवणं निराळं आणि सांभाळणं निराळं. मान्ना ठेवणाऱ्याच्या मनात उद्याची धास्ती होती. तुकडे वेचणाऱ्यांचं पोट भरलेलं होतं.

आमच्या मंडळीत लोक उभे राहून साक्ष देतात. वर्षानुवर्षं त्याच. एक आजोबा विहिरीत पडून वाचल्याचं सांगत, आणि दोर कुठल्या वाक्याला येणार हे पोरासोरांनाही ठाऊक. आम्ही मागच्या बाकावर हसायचो. पण घरात ताजं काही शिजत नव्हतं, त्या दिवसांत मी या शिळ्या तुकड्यांवरच जगलो. दुसऱ्याच्या ताटातल्या का होईनात.

त्यातले काही तुकडे पुस्तकांतले. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचायला घेतली. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी 1900 मध्ये. मधल्या वर्षांत आधी ताटातूट, आणि पुन्हा एकत्र आल्यावरही सोवळं-ओवळं आणि स्वतंत्र स्वयंपाक. एका घरात दोन चुली. पुढे त्यांच्या मनातलं एकेक बंधन गळत गेलं. कुठल्या दिवशी त्या ख्रिस्ती झाल्या, असं विचारलं तर मंडळीच्या नोंदवहीत तारीख सापडेल. मला मात्र दोन चुलींमधलं ते अंतरच जास्त खरं वाटतं. ते हातभर कमी झालं असेल, मग वीतभर, मग कधीतरी एकच चूल उरली असेल.

पंडिता रमाबाईंचं तर त्याहून नवल. संस्कृत पांडित्यासाठी पदवी मिळालेली ही बाई 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेते आणि पुढे आपल्या साक्षीत प्रामाणिकपणे लिहिते की धर्म तेव्हा मिळाला, पण ख्रिस्त सापडायला आणखी सुमारे आठ वर्षं लागली. नंतर केडगावला दुष्काळातून आणलेल्या मुली, त्यांचं खाणंपिणं, आजारपणं, छापखाना, आणि या गदारोळात हिब्रू-ग्रीकवरून सगळं शास्त्र साध्या मराठीत आणायचं काम. 1922 मध्ये देह ठेवला, तोवर ते चाललेलं होतं. इतकी वर्षं रोज थोडं थोडं. एका भाकरीपुरतं पीठ घ्यायचं तसं.

मग पॅरिसचा ब्रदर लॉरेन्स भेटला. सतराव्या शतकातला, लढाईत जखमी झालेला शिपाई. कार्मेली मठात गेला तर वाट्याला आलं स्वयंपाकघर, जे त्याला मनापासून नकोसं होतं. तिथे वर्षानुवर्षं राबून, पुढे मठवासीयांच्या चपला सांधून 1691 मध्ये तो वारला. त्याची पत्रं आणि त्याच्याशी झालेली बोलणी मागाहून कोणी जमवली, त्यांचं लहानसं पुस्तक झालं. भांड्यांच्या खडखडाटातही त्याला गुडघ्यांवर असल्यासारखीच देवाची सोबत वाटायची. मी हे आईला वाचून दाखवलं. मला वाटलं, ती भारावेल. ती म्हणाली, “न आवडणारं काम रोज करायचं म्हटल्यावर कोणाशीतरी बोलावंच लागतं रे.”

आमच्याकडची ज्वारी रब्बीची. पाऊस सरत येताना पेरतात, त्यानंतर आभाळाकडून फारसं काही येत नाही. काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर आणि थंडीत ती येते. लहानपणी मी रोज बांधावर जाऊन बघायचो आणि रोज तिथंच दिसायची. मग एखाद्या सकाळी पोटरीतून कणीस निसवलेलं असायचं. मार्काच्या चौथ्या अध्यायात येशूने सांगितलेला शेतकरी असाच आहे. बी टाकतो, रात्री झोपतो, दिवसा उठतो. पातं, कणीस, कणसात दाणा हे सगळं जमीन आपलं आपण करते, त्याला कळतही नाही कसं. अबोला नेमका कधी संपला, हे मलाही सांगता येणार नाही. एकदा बसस्टॉपवर उभा असताना आपण पुटपुटतोय एवढं ध्यानात आलं. “तुला दिसतंयच की.” शब्द आईचे होते.

आई आता ऐंशीच्या पुढे आहे, पुण्याला माझ्याकडे असते. ओट्यापाशी उभं राहवत नाही, हात थरथरतो. भाकरीचं खातं माझ्याकडे आलं. परवा डब्यात जुनं पीठ होतं, दोनेक महिन्यांचं. थापायला घेतलं तर काठाला चिरा, उचलायला गेलो तर हातात निम्मीच आली. दोनदा केलं, दोनदा मोडलं. पीठ टाकून द्यायला निघालो, तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला.

“टाकू नको. विरी गेलीय त्याची. पाणी उकळायला ठेव.”

आधण आलं. पिठात ओतलं, उलथन्याने ढवळलं, झाकून ठेवलं. “आता मळ.” चटके बसत होते. “बसू दे. निवलं की पुन्हा तुटेल.” मी फुंकर घालत रगडत राहिलो आणि सुटं सुटं पळणारं ते पीठ हळूहळू एकमेकाला धरायला लागलं. भाकर थापली गेली. फार गोल नाही, एका अंगाला जाड. गॅसवर धरली तर अर्धीच फुगली, पण फुगली.

ताटं घेतली. पाळी माझी होती. डोळे मिटले आणि आईसारखं दोन वाक्यांत आवरायचं ठरवून सुरुवात केली. ताटातल्या भाकरीबद्दल आभार मानले. मग शेजारच्या आजींचा मोडलेला खुबा आठवला. मग ऑफिसमधला एकजण, ज्याची नोकरी गेलीय. गावाकडचा पाऊस. मंडळीचे नवे पाळक. आपण अण्णांच्या वाटेला लागलोय, हे कळत होतं, पण एकेक मुक्काम पुढे येतच होता आणि कोणालाच मागे टाकवेना.

आईच्या हातात आता एकच बांगडी असते. ती ताटाच्या काठावर वाजली.

मी आमेन म्हटलं आणि भाकरी मोडली.