वर्णमालेत वर्णव्यवस्था कशाला?

शेंद्रा एमआयडीसीची शिफ्ट सुटली की आम्ही आईबाप लेकरांना पाटी घेऊन बसवतो. बाजारात मिळणारा तक्ता मात्र भिंतीवर लावत नाही. ग गणपतीचा, य यज्ञाचा, क्ष क्षत्रियाचा! वर्णमाला शिकवताना वर्णव्यवस्थाही घोटवून घ्यायची का? आमच्याकडे ग गाडीचा, य यंत्राचा, क्ष पक्ष्यातला. चिंचोके मोजताना 5 आले की पंचशील, 8 आले की अष्टांगिक मार्ग, 22 आले की प्रतिज्ञा.

कुणी म्हणेल, हेही लादणंच झालं. लेकराचा 'का?' दाबला, तर नक्कीच झालं. केवळ परंपरा आहे म्हणून मानू नका, हे कालाम सुत्तात तथागतांनीच सांगितलंय. म्हणून मित्रहो, अक्षराआधी प्रश्न विचारू द्या. बाबासाहेबांचं 'शिका' तिथूनच सुरू होतं.

जय भीम!