दुखरी जागा

जुना वाडा कोसळला की शेजारीपाजारी हटकून म्हणतात, 'कालपर्यंत धड उभा होता हो!' मला ते कधीच पटत नाही. लाकूड वर्षानुवर्षे सांगत असते. फार हळू बोलते, एवढेच.

हे बोलणे टिपणारी यंत्रे आता निघाली आहेत. चीनमध्ये यिंगश्यान येथे १०५६ साली बांधलेला ६७ मीटर उंचीचा लाकडी पॅगोडा आहे. त्याच्या दुसऱ्या मजल्याचे खांब कलले आहेत आणि तो कल तज्ज्ञ मोजीत असतात.

आमच्या वाईच्या वाड्याला असला मान कुठला! पण तो विकावा की राखावा यावर आम्हा तिघा भावांत दोन वर्षे बोलणी चालली आहेत. शेवटी धाकट्याचा मुलगा, इंजिनिअर, संवेदक घेऊन आला. थोरल्यांनी त्याला कौतुकाने दिवाणखान्यातला नक्षीदार खांब दाखवला. तो हसून म्हणाला, "अण्णाकाका, ज्याला आपण रोज पुसतो, त्याला काय होणार?"

त्याने जागा निवडल्या त्या अशा : पन्हळीखालच्या भिंतीत शिरलेले तुळईचे टोक आणि तळखड्यावर टेकलेला खांबाचा पाय. लाकूड अंगापेक्षा कापल्या टोकातून अधिक पाणी पिते. तेथे दोन बारीक सळ्या ठोकून त्यांमधून वीज किती सहज जाते हे पाहायचे. ओल वाढली की विजेची वाट सोपी होते. ओल वीस टक्क्यांच्या वर मुक्काम करून राहिली की बुरशीचे फावते. माडीवर त्याने कंपमापक बसवला, कारण सांधे सैल झाले की वाड्याच्या थरथरीचा ठेका मंदावतो. एक संवेदक मात्र मुद्दाम कोरड्या जागी, तुलनेसाठी.

"वर्षभर थांबा," तो म्हणाला. पावसाळ्यात लाकूड फुगते, उन्हाळ्यात आकसते. सगळे ऋतू पाहिल्याशिवाय स्वभाव कोणता आणि दुखणे कोणते, हे उमगत नाही.

मास्तरकी करणाऱ्याला हे निराळे सांगायला नको. हात वर करणारी मुले आपोआप दिसतात. लक्ष ठेवायचे ते भिंतीकडेच्या गप्प मुलाकडे.

तुळई कुठे भिजते ते यंत्र सांगेल. पण मृगाच्या आधी शाकारणीला कोणी जायचे, हे आम्हा भावांनाच ठरवावे लागणार आहे.