फायलीत काय होतं?

सोलापूरच्या कोर्टात मी ज्यांच्या हाताखाली वकिली शिकलो, ते अण्णा गिरणी कामगाराचे चिरंजीव. सोलापूरचे स्वातंत्र्यसैनिक मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली, हे त्यांनी वडिलांकडून ऐकलेलं. शिक्षा कमी करायचा अधिकार १८९८ च्या फौजदारी संहितेनं सरकारला दिला होता. पण तो का वापरला नाही, याचा जाब कुणी कुणाला विचारायचा?

म्हणून अण्णा राज्यघटनेचा अनुच्छेद १६१, म्हणजे राज्यपालांचा माफीचा अधिकार, फार जिव्हाळ्यानं शिकवत. सुरुवात नौदल अधिकारी नानावटींवरच्या खून खटल्यापासून. ११ मार्च १९६० ला उच्च न्यायालयानं जन्मठेप दिली आणि त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांनी ती स्थगित केली. प्रकरण आपल्यापुढे असताना राज्यपालांना असं करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं बजावलं. माफीलाही कुंपण असतं, हे मला तिथं कळलं.

पुढे एका जन्मठेपेच्या कैद्याचा माफीचा अर्ज आमच्याकडे आला. तुरुंगात त्याला एकदा शिक्षा झाली होती. त्याचा भाऊ काकुळतीनं म्हणाला, "ते कशाला लिहायलाव, साहेब?" अण्णांनी ती नोंद पहिल्याच पानावर घ्यायला लावली. सर्वोच्च न्यायालयाचा २००६ चा एपुरू सुधाकर निकाल त्यांना पाठ होता: महत्त्वाची माहिती दडवून, जात-धर्म वा पक्ष बघून, किंवा विचारच न करता दिलेली माफी कोर्ट रद्द करू शकतं. "राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं सही करतात. सहीआधी फायलीत काय होतं, ते बघायचं," ते म्हणत. माझी सारी वकिली या एका सवयीवर उभी आहे.

आमचं एका बाबतीत कधीच पटलं नाही. नानावटींना १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडितांनी माफी दिली. खटला संपल्यावर दिली, म्हणून अण्णांना ती मान्य. मला ती आजही सलते. ज्याच्यामागे नौदल नाही, वर्तमानपत्रं नाहीत, त्याचा अर्ज कोण वाचतो?

२०१४ चा शत्रुघ्न चौहान निकाल आला तेव्हा अण्णांची नजर अधू झाली होती. मी वाचून दाखवला. दयेच्या अर्जांना झालेला अक्षम्य विलंब आणि इतर कारणांनी पंधरा जणांची फाशी जन्मठेपेत बदलली होती.

"यातल्या किती जणांना वकील होता?" त्यांनी विचारलं.

कैद्याला शेवटपर्यंत मोफत कायदेशीर मदत द्यावी, असंही त्यात आहे, मी म्हणालो.

"तेवढं परत वाच."