मोगलाईतली सून

लग्न होऊन धाडला आले त्याला आता वीस वर्षं होतील. माझं माहेर भोकरदन तालुक्यातलं, म्हणजे मोटरसायकलनं गेलं तर फार लांब नाही. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या एका आजींनी मला पाहिलं आणि सासूबाईंना विचारलं, "मोगलाईतली सून केली का तुम्ही?"

मला ते लागलं. शाळेत असताना वर्गात गोंधळ झाला की आमचे सर ओरडायचे, "काय मोगलाई आहे का?" आणि आम्ही दोन-तीन मुसलमान मुली खाली मान घालून बसायचो. रात्री नवऱ्याला सांगितलं तर तो हसायला लागला. "आम्ही कोण मग? आजी तुला मुसलमान म्हणून नाही बोलल्या. निजामाच्या मुलखातली म्हणून बोलल्या."

तेव्हा कळलं की मी फक्त गाव नाही, मुलूख बदलला होता. धाड म्हणजे वऱ्हाडाचा पश्चिमेकडचा शेवट. पुढं थोडं गेलं की मराठवाडा लागतो. आज ही फक्त बुलढाणा आणि जालना जिल्ह्यांची हद्द आहे. शेतं तीच, कपाशी तीच, बोली थोडी बदलते. पण जवळजवळ शंभर वर्षं ही दोन राज्यकारभारांमधली सीमा होती.

१८०३ साली जालना जिल्ह्यातल्या असईला इंग्रजांनी शिंदे-भोसल्यांचा पराभव केला. त्याच वर्षाच्या अखेरीस देवगावच्या तहात भोसल्यांकडचा वऱ्हाडचा वाटा निजामाला मिळाला. म्हणजे तेव्हा इकडं-तिकडं एकच मालक होता. पुढं निजामावर इंग्रजी फौजेच्या खर्चाचं कर्ज चढलं आणि १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. १९०२ मध्ये वर्षाला २५ लाख रुपयांवर ते कायमच्या पट्ट्यानं दिलं गेलं. कागदावर मालक निजाम, कारभारी इंग्रज. १९३६ मध्ये निजामाच्या थोरल्या मुलाला 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी मिळाली, पण इथल्या तलाठ्याच्या दप्तरात त्यानं काही फरक पडला नाही.

फरक होता तो या दप्तरातच. इकडचं दप्तर मराठीत. तिकडं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फारसीची जागा उर्दूनं घेतली आणि पुढं १९१८ ला उस्मानिया विद्यापीठसुद्धा उर्दू माध्यमातून सुरू झालं. त्यामुळं माहेरच्या गावात मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याचीही नोंद उर्दूत होत होती. त्याला ती वाचता येत नव्हती. रयतेची भाषा एक आणि सरकारची दुसरी, हा अन्याय होता. मी उर्दूची शिक्षिका आहे, म्हणून तर हे मी स्पष्ट म्हटलंच पाहिजे.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य संपलं. रझाकारांनी काय केलं ते मराठवाड्यात अजून सांगितलं जातं आणि ते खरं आहे. पोलीस ॲक्शननंतर गावोगावच्या साध्या मुसलमानांचं काय झालं, हे मात्र पंडित सुंदरलाल समितीनं लिहून ठेवलं तरी फारसं कुणी सांगत नाही. आमच्या दादांनी दोन्ही पाहिलं होतं. ते एवढंच म्हणायचे, "राजा गया, हिसाब हमारे नाम पे लिख गया."

हा हिशोब आता वेगळ्याच रूपानं माझ्या दारात आला.

२०२३ साली जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीतून मराठा आरक्षणाचं आंदोलन पेटलं. सरकारनं न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली आणि मराठवाड्यात निजामकाळातल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटचा शासन निर्णय आला, त्याला ओबीसी संघटनांनी विरोध केला. हे सगळं आपण टीव्हीवर पाहिलं. आमच्या भागात तो वाद घरातला आहे. वऱ्हाडातले बहुतेक मराठे कागदोपत्री कुणबी. त्याचं श्रेय पंजाबराव देशमुखांना दिलं जातं. हद्दीपलीकडचे त्यांचेच सोयरे मराठा. बहिणीच्या मुलांना दाखला आहे, भावाच्या मुलांना नाही.

असेच एक भाऊ माझ्याकडं आले. माझ्या माहेरकडचे शेतकरी, त्यांची बहीण इकडं धाडजवळ दिलेली. पिशवीतून त्यांनी जुन्या कागदाची झेरॉक्स काढली. "ताई, तुम्हाला हे वाचता येतं म्हणतात."

अक्षर घसटं होतं, शिकस्ता वळणाचं. आजोबांचं नाव लागलं, बापाचं लागलं, शेताचा नंबर लागला. जातीच्या जागी एक छोटा शब्द. आधी काफ, मग दोन दाते, शेवटी ये. पहिल्या दात्यावर टिंब असेल तर नून, दुसऱ्याखाली टिंब असेल तर बे, मग शब्द 'कुनबी'. पण लिहिणाऱ्यानं घाईत टिंबंच दिली नव्हती. ते भाऊ माझ्या तोंडाकडं पाहत होते. त्यांच्या मुलाची फी दोन टिंबांवर अडली होती.

'कुणबीच आहे' म्हणून टाकावं असं फार वाटलं. मी म्हटलं, "मला कुणबी वाटतं भाऊ. पण टिंब नाही. याच कुटुंबाचा दुसरा कागद शोधा आणि सरकारमान्य भाषांतरकाराकडून वाचून घ्या." त्यांनी चहा घेतला. उठताना सहज विचारलं, "तुमच्या पोरांचं कसं असतं हो? तुमच्यात तर जात नसते."

मी काहीतरी उत्तर दिलं. खरं उत्तर असं आहे.

आम्ही माहेरी पिंजारी. दादा धुनकी खांद्यावर टाकून गावोगाव कापूस पिंजायचे, गाद्या भरायचे. पिंजारी ओबीसीत आहेत. पण अब्बांच्या शाळेच्या नोंदीत जात लिहिली आहे 'मुसलमान'. ओबीसी दाखल्याला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो आणि आमचा तो पुरावा हाच. माझ्या भाच्याचा अर्ज त्यावरच परत आला.

इस्लाममध्ये जात नाही, हे मी मानते. पण आमच्या लग्नांत जात विचारली जाते, हेही मला माहीत आहे. जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली, दिलीपकुमार त्यासाठी सभांना गेले आणि १९९४ मध्ये राज्य सरकारचा निर्णय झाला. तेव्हाही आपल्यातल्याच काहींनी विचारलं, जात कशाला उकरता? २०१४ साली मुसलमानांसाठी पाच टक्क्यांचा अध्यादेश निघाला, उच्च न्यायालयानं शिक्षणातला भाग रोखला नाही, तरी तो पुढं कायदा झालाच नाही. उरला तो जातीचा दाखलाच.

आणि आता माझी चूक. नोकरीच्या सुरुवातीला प्रवेशाच्या दिवसांत रजिस्टर माझ्याकडं असायचं. मी पालकांना विचारायचे, "जात?" उत्तर यायचं, "मुसलमान लिख दो बाजी, और क्या." मी लिहायचे. मागं रांग असायची. काही वर्षं मी असंच लिहीत गेले. मग एक बाप मुलाचा दाखला घेऊन आला. तो बागवान होता. रजिस्टरमध्ये माझं सुंदर वळणदार अक्षर होतं आणि त्यात लिहिलं होतं 'मुसलमान'. तो मला रागावला नाही. "तुमने तो जो हमने बोला वही लिखा," म्हणाला. मला त्या रात्री झोप आली नाही. जो कारकून अब्बांच्या नोंदीसाठी मी आयुष्यभर दोषी धरला, त्याच्याही मागं रांग असणार.

तेव्हापासून मी धर्म आणि जात वेगवेगळं विचारते. पालक संकोचतात, तर मी विचारते, "दादा काय काम करायचे? सोयरीक कुणात होते?" पाच मिनिटं जास्त लागतात. जुना कागद असेल तर आणायला सांगते. तो उर्दूत असला तर वाचून देते, मग तो कुणाचाही असो.

पुढच्या आठवड्यात ते शेतकरी भाऊ परत आले. दुसरा कागद सापडला होता, दुसऱ्या हाताचा. मी चष्मा लावला. या लिहिणाऱ्यानं दोन्ही टिंबं दिली होती.