दारातला आवाज

मोटारीच्या दारात स्पीकर बसवणे हा विषय महाविद्यालयाच्या अंकात शोभेल का, अशी शंका काही वाचकांना येईल. पाऊस, आई, परीक्षा आणि वसतिगृहातले जेवण या चार खांबांवर आमच्या अंकाचा मांडव आजवर उभा आहे. त्यात प्लायवुड आणि रेक्झिन कुठून आले? माझे उत्तर एवढेच, की गेल्या मे महिन्यात मी जे काही शिकलो त्यातले बरेचसे याच दोन वस्तूंनी शिकवले. शिवाय ज्या कारणाने हा उद्योग आरंभला ते कारण बेळगावातल्या पुष्कळ घरांना परके नाही.

आमचे आप्पा उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत अठ्ठावीस वर्षे फेटलिंगच्या खात्यात होते. साच्यातून निघालेल्या ओतीव जॉबच्या कडा छिन्नीने तोडायच्या आणि ग्राइंडरवर घासून साफ करायच्या, याला फेटलिंग म्हणतात. तो आवाज ज्याने एकदा ऐकला आहे त्याला वर्णन नको, आणि ज्याने ऐकला नाही त्याला वर्णनाने तो कळणार नाही. कानांत घालायला तिथे काही मिळत नसे. घरून नेलेला कापसाचा बोळा हाच काय तो उपाय. निवृत्तीच्या दिवशी आप्पांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचे घड्याळ मिळाले. बहिरेपण मात्र कोणी समारंभाने दिले नाही. ते आधीपासूनच हप्त्याहप्त्याने घरी येत होते.

हे बहिरेपण चमत्कारिक असते. आप्पांना आवाज ऐकू येतो, शब्द ऐकू येत नाहीत. भौतिकशास्त्राच्या वर्गात ध्वनीचा धडा चालू असताना मला त्याचा उलगडा झाला. आपल्या बोलण्यात अ, आ, ओ हे स्वर जड आणि बलवान असतात; त्यांची शक्ती बरीचशी १,००० हर्ट्झच्या आसपास आणि त्याखाली असते. स, श, त, फ ही व्यंजने मात्र बारीक आणि दुबळी. स आणि श यांची सळसळ तर ३,००० हर्ट्झच्याही वर जाते. वर्षानुवर्षे मोठ्या आवाजात काम करणाऱ्या माणसाच्या अंतर्कर्णातल्या ज्या सूक्ष्म केसपेशी आधी मरतात, त्या नेमक्या ४,००० हर्ट्झच्या आसपासच्या. मेलेल्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. म्हणजे स्वर शिल्लक राहतात आणि व्यंजने जातात. 'सात' म्हटले काय आणि 'हात' म्हटले काय, कानाला 'आ' तेवढा पोचतो. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात आवाजाने येणारे बहिरेपण नोंद करण्याजोग्या व्यावसायिक रोगांत धरलेले होते. आप्पांच्या बाबतीत अशी नोंद कोणी केली नाही, आणि करायची असते हे आम्हालाही ठाऊक नव्हते.

शब्द कळेनासे झाले की माणूस बोलणे टाळू लागतो. आप्पांनी आधी लग्नाकार्याला जाणे सोडले, मग गल्लीतल्या कट्ट्यावर बसणे सोडले. घरात कोणी काही विचारले तर ते अंदाजाने हसत, आणि अंदाज चुकला की उठून जात. कान तपासून घेऊ म्हटले तर उत्तर ठरलेले: "ऐकू येतंय की मला! तुम्हीच तोंडातल्या तोंडात बोलताय." गेली चार वर्षे त्यांनी मला अभ्यासाबद्दल, मित्रांबद्दल, कशाबद्दलही एक प्रश्न विचारला नव्हता. प्रश्न विचारला की उत्तर ऐकावे लागते, आणि तीच तर पंचाईत!

एक जागा मात्र त्यांनी सोडली नव्हती. ती म्हणजे आमची मारुती ८००. ही गाडी १९८३ साली बाजारात आली आणि २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. आमच्याकडची तिसऱ्या हाताने आलेली. दर रविवारी आप्पा ती खानापूरच्या रस्त्याला घेऊन जातात आणि भीमसेन लावतात. भीमसेन जोशी गदगचे, १९२२ चा जन्म; मराठीत संतवाणी आणि कन्नडात दासवाणी गाऊन त्यांनी आमच्यासारख्या सीमेवरच्या लोकांची मोठी सोय करून ठेवली आहे. पण शब्द कळावेत म्हणून आप्पा आवाज वाढवीत, आवाज वाढला की दाराचे पत्रे थरथरत, पत्र्यांच्या थरथरीत उरलेली व्यंजनेही बुडत, म्हणून आप्पा आणखी आवाज वाढवीत. शेवटी आईने मागे बसणे बंद केले. "मला देव पाहिजे, पण एवढ्या मोठ्यानं नको," असे ती म्हणाली.

तेव्हा मी ठरवले, की आप्पांचे कान आपल्या हातात नाहीत; गाडीचे दार आहे.

दारात जुना चार इंची स्पीकर होता. त्याच्याभोवतीचा हार्डबोर्ड पावसाळ्यात ओल खाऊन फुगला होता आणि त्याच्या कडा पापडासारख्या सुटल्या होत्या. स्पीकरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. दोहोंच्या मध्ये धड भिंत नसेल तर पुढची हवा कडेने वळून मागे जाते, आणि जमाखर्च शून्यावर येतो. खालच्या पट्टीतल्या सुरांचे असे फार होते, कारण त्यांच्या लहरी लांब असतात. १०० हर्ट्झची लहर जवळजवळ साडेतीन मीटरांची. गाण्याला अंग येईना म्हणून माणूस कळ फिरवत राहतो. म्हणजे आम्हाला हवी होती एक घट्ट, न थरथरणारी, ओलीला न भिणारी भिंत.

शहापुरातले सुतारमामा आमच्या दूरच्या नात्यातले. तयार दारे आणि ॲल्युमिनियमच्या खिडक्या आल्यापासून त्यांच्याकडे काम थोडे आणि वेळ पुष्कळ. मी कागदावर आकृती काढून नेली होती. त्यांनी ती नीट पाहिली, बाजूला ठेवली आणि विचारले, "काच खाली उतरवल्यावर आत जागा किती उरतीया?" सगळी मेख तिथेच होती. काच पूर्ण खाली आणून मोजले, तर पत्र्यापासून काचेपर्यंत जागा ४ सेंटिमीटर. नव्या साडेसहा इंची स्पीकरची खोली ६ सेंटिमीटर. म्हणून ६ मिलिमीटर प्लायचे सबंध पॅनेल आणि त्यावर १८ मिलिमीटर प्लायचे कडे, मिळून २४ मिलिमीटर उंची करायचे ठरले. काचेला ४ मिलिमीटर मोकळे राहिले. काच फिरवण्याचे हँडल पूर्ण फिरताना कड्याला अडता कामा नये, हेही त्यांनी कापण्याआधी पाहून घेतले.

लाकडाच्या तंतूंचा एमडीएफ बोर्ड गुळगुळीत आणि स्वस्त मिळतो, पण पाणी लागले की बिस्किटासारखा फुगतो. गाडीचे दार आतून कोरडे असते असा पुष्कळांचा समज आहे. तसे नसते! पावसाचे पाणी काचेवरून दाराच्या पोटात उतरते आणि तळाच्या भोकांतून बाहेर जाते. म्हणून आम्ही आयएस ७१० छापाचा मरीन प्लाय घेतला, कडांना वॉर्निशचे दोन हात दिले, तळाची भोके मोकळी ठेवली आणि पत्र्यावरचा प्लास्टिकचा पडदा नवा चिकटवला.

पुठ्ठ्याचा साचा एका दाराचा काढून तोच उलटा करून दुसऱ्याला लावावा, असा माझा बेत होता. मामा म्हणाले, "गाडीची दोन दारं म्हणजे दोन भाऊ. तोंडं सारखी, मापं येगळी. दोन्ही माप." खरोखरच डावे दार कधीतरी ठोकून सरळ केलेले निघाले, एका क्लिपेचे भोक अर्धा सेंटिमीटर सरकलेले होते. मग दोन साचे झाले. करवतीने वर्तुळ कापताना मामा रेषेच्या आतून कापत आणि उरलेले कानशीने घासून रेषेपर्यंत आणीत. "कापलेलं परत चिकटत न्हाई, घासायचं उरलं तर घासता येतंय," एवढेच त्यांचे तत्त्वज्ञान. आमच्या प्रयोगशाळेच्या पहिल्या पानावर ते लिहून ठेवायला हरकत नाही.

रेक्झिनसाठी मामांनी मला एका कुशनवाल्या मास्तरांकडे धाडले. मास्तर बैलहोंगलचे, घरी कन्नड, दुकानात कन्नड आणि मराठीची मिसळ. मला ते तम्मा म्हणत. पॅनेलला आणि रेक्झिनला, दोन्हीकडे सोल्यूशन लावायचे, बोटाला चिकटेनासे होईपर्यंत थांबायचे आणि मग एकदाच टेकवायचे. टेकले की सरकत नाही. कड्याच्या गोलाईवर कापड चुरमडू नये म्हणून ते मागच्या बाजूने जवळजवळ कापे देत आणि ड्रायरच्या उबेने रेक्झिन ताणून घेत. हे सगळे कशासाठी, असे त्यांनी विचारले तेव्हा मी आप्पांची हकिगत सांगितली. मास्तरांचे हात थांबले. ते म्हणाले, "सद्दु ब्याड, मातु बेकु." गोंगाट नको, बोलणे हवे. मी दोन पाने आकृत्या काढून जे मांडले होते ते त्यांनी चार शब्दांत आटोपले. त्यांचा थोरला भाऊही फौंड्रीतच होता.

दाराच्या बाहेरच्या पत्र्याला आतून डांबरी पट्ट्या चिकटवल्या. पत्र्याची थरथर त्या स्वतःत घेतात आणि तिची उष्णता करून टाकतात. टिचकी मारली तर डब्यासारखा वाजणारा पत्रा आता लाकडासारखा 'ठक्' म्हणतो. व्यंजनांसाठी आणखी एक गोष्ट लागली. बारीक आवाज सरळ रेषेत जातात. गुडघ्याजवळच्या स्पीकरमधून निघालेले सीटमध्ये आणि पायांत जिरतात. म्हणून आरशाच्या आतल्या बाजूच्या त्रिकोणावर, कानांच्या पातळीच्या जवळ, दोन छोटे ट्वीटर आप्पांकडे तोंड करून बसवले. शेवटी फोनवरून एकच सूर खालून वर सावकाश चढवीत नेला आणि दार कुठे कुरकुरते ते ऐकले. कुलपाची सळई एका ठिकाणी खडखडत होती. तिला कापडी पट्टी गुंडाळली, आणि दार गप्प झाले.

आता इथे चमत्कार झाला असे लिहिले तर लेख गोड होईल, पण ते खरे होणार नाही. मेलेल्या केसपेशी प्लायवुडने जिवंत होत नाहीत. झाले ते एवढेच: पहिल्या रविवारी आप्पांनी सवयीने कळ फिरवली आणि थोड्या वेळाने आपणहून अर्ध्यावर आणली. खानापूरच्या अलीकडे त्यांनी एक अभंग पुन्हा लावायला सांगितला. तो संपल्यावर म्हणाले, "ह्यातला एक शब्द मी इतकी वर्षं दुसराच समजत होतो." आई मागे बसली होती. ती काही बोलली नाही, पण उतरली नाही हेही खरे.

दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. जे ऐकू येत नव्हते ते काय होते, हे आप्पांना त्या दिवशी प्रथम कळले. पुढच्या आठवड्यात ते स्वतः कानाच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी आलेख काढला. रेघ बरीचशी सरळ चालत येते, ४,००० पाशी विहिरीत पडावी तशी खाली जाते आणि ८,००० कडे जराशी वर येते. आप्पांनी तो कागद बराच वेळ हातात धरला आणि म्हणाले, "म्हणजे मी येडा न्हवतो." चार वर्षे मनात काय साचले होते ते मला त्या एका वाक्यात दिसले. कानाचे यंत्र घ्यायचे की नाही याची बोलणी घरात अजून चालू आहेत. किंमत हा त्यातला मुख्य अडसर आहे.

आमच्या अंकाचे दोन विभाग आहेत आणि मराठीच्या वाचकांनी कन्नडाचा विभाग सहसा उघडू नये असा अलिखित नियम आहे. तो मोडून एक शब्द तिकडून घेतो. मास्तर मला वारंवार म्हणत, "केळु, तम्मा." कन्नडात केळु म्हणजे ऐक, आणि केळु म्हणजेच विचार. दोन्हींना एकच धातू. असे का, हे भाषेच्या प्राध्यापकांनी सांगावे. मला त्याचा अर्थ आमच्या घरात कळला. डॉक्टरांकडून परतताना गाणे बंद होते. पहिल्या रेल्वे गेटपाशी गाडी थांबली तेव्हा आप्पांनी मान वळवून मला विचारले, "तुझी परीक्षा कधी हाय रे?"