कांदा चाळीत, मटार बर्फात

एप्रिल सरता सरता मालेगावचा पारा 42-43 अंशांच्या पुढे जातो. मोसम नदीचे पात्र कोरडे पडते, गिरणेच्या वाळूवरून झळा उठतात आणि भर दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. पण कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या कसमादे पट्ट्यात वर्षाच्या बेगमीची धांदल याच दिवसांत चालते. वावरात उन्हाळ कांद्याची काढणी, गच्चीवर कुरडया, पापड आणि ज्वारीचे बिबडे, अंगणात मिरच्यांचा लाल सडा. अंगाला न सोसणारे ऊन साठवणीला मात्र हवेच असते.

कांदा चाळीत जातो तो जिवंत. जमिनीतून उपटला, पात कापली, तरी त्याचा श्वास चालूच असतो; म्हणून त्याला कोंडून चालत नाही. चाळीचा तळ जमिनीपासून उचललेला, बाजू फटींच्या पट्ट्यांच्या, छपराची वळचण बाहेर आलेली. वारा खालून शिरावा, बाजूंनी खेळावा आणि पावसाचा शिंतोडा मात्र आत येऊ नये, एवढ्यासाठी ही सारी रचना. ढीग साधारण चार-पाच फुटांवर थांबवतात. त्याहून उंच रचला तर तळचा कांदा दबतो आणि आतल्या आत तापतो.

खरी राखण त्याच्याही आधी सुरू होते. काढणीपूर्वी दोन-तीन आठवडे पाणी तोडतात. निम्म्याअधिक माना पडल्या की कांदा उपटून वावरातच पसरतात, तोही अशा बेताने की एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर यावी आणि उन्हाने साल भाजू नये. मग इंच-दीड इंच मान राखून पात कापायची आणि कांदा सावलीत सुकवायचा. मान घट्ट मिटली की बुरशीची वाट बंद होते. जोड कांदा, डेंगळे आलेला, बारीक चिंगळी, विळा लागलेला कांदा चाळीत जात नाही. तो आधीच बाजूला काढून विकतात किंवा घरात खातात. लाल कांदा तर साठवणीच्या वाटेलाच जात नाही, काढला की थेट बाजाराची वाट धरतो. टिकतो तो उन्हाळ कांदाच.

इतके करूनही कांदा झिजतो. वजनातली घट, सड आणि कोंब मिळून साध्या चाळीत चार-पाच महिन्यांत तीस-चाळीस टक्के माल हातचा जातो, असा अंदाज नेहमी दिला जातो. म्हणूनच लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने 2002 साली ‘कृषक’ हे विकिरण केंद्र उभारले. गॅमा किरणांच्या मोजक्या मात्रेने कांद्याचे कोंब रोखणे हे तिथले मूळ काम. चाळीतल्या शेतकऱ्याकडे मात्र नाक आणि हात हीच साधने असतात. पावसाळ्यात ढिगाजवळून जाताना आंबूस वास आला की तो थांबतो आणि सडका कांदा शोधून काढतो, कारण एकाची ओल शेजारच्या दहांना लागते.

घरातल्या फ्रीझरमध्ये हे सारे उलटे होते. तिथे हवा हीच शत्रू. पिशवीत हवा राहिली की पदार्थातले पाणी उडते, वर पांढुरके कोरडे डाग पडतात आणि चव जाते. पौष-माघात मटार स्वस्त झाला की घरोघरी सोलायला बसतात. पण नुसते दाणे पिशवीत कोंबले तर थंडीतही त्यांतली विकरे सावकाश काम करत राहतात. काही महिन्यांत रंग उतरतो आणि दाण्याला गवताचा वास येतो. त्यावरचा उपाय सोपा आहे. दाणे दीड-दोन मिनिटे उकळत्या पाण्यात टाकावेत, लगेच बर्फाच्या पाण्यात काढावेत, फडक्यावर पूर्ण कोरडे करावेत. मग ताटात एका थरात गोठवून पिशवीत भरले की दाणा न् दाणा सुटा राहतो.

पातळ थराला महत्त्व आहे. हळूहळू गोठणाऱ्या पदार्थात बर्फाचे मोठे स्फटिक होतात आणि ते पेशींच्या भिंती फाडतात; झटकन गोठला तर स्फटिक बारीक राहतात. क्लॅरेन्स बर्ड्सआय या अमेरिकी गृहस्थाने लॅब्राडॉरच्या हिवाळ्यात वाऱ्यावर क्षणात गोठणारे मासे पाहून हे हेरले. 1930 साली अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डमध्ये त्याच्या गोठवलेल्या भाज्या आणि मासे दुकानात विकायला आले. डाळिंबाचे दाणे साठवतानाही हाच नियम पाळावा लागतो. सटाणा-मालेगावकडचे भगवा वाणाचे डाळिंब स्वस्त असते तेव्हा दाणे सोडवून पातळ थरात गोठवले, तर ऐन उन्हाळ्यात सरबताला उपयोगी पडतात.

या भागातल्या फ्रीझरला बाजरीचेही काम आहे. बाजरीचा दाणा महिनोन् महिने टिकतो; पीठ मात्र उन्हाळ्यात आठवडाभरातच कडू पडू लागते. दळताना दाण्यातले तेल मोकळे होते आणि विकरे त्याला खवट करतात. थोडे थोडे दळून आणणे सर्वांत चांगले. जास्त दळले गेलेच, तर हवाबंद डब्यात घालून गारठ्यात ठेवावे.

बकरी ईदच्या दिवशी मालेगावातल्या यंत्रमागांच्या मोहल्ल्यांत फ्रीझर सर्वांत जास्त भरतो. कुर्बानीच्या मांसाचे तीन वाटे करण्याची रीत आहे: एक घरचा, एक नातलग-शेजाऱ्यांचा, एक गरिबांचा. वाटप आधी, साठवण नंतर. उरलेल्यातला एका वेळच्या स्वयंपाकाचा एकेक पुडा चपटा करून गोठवला, तर तो लवकर गोठतो, लवकर सुटतो आणि एकावर एक नीट बसतो. सोडवायचा तो ओट्यावर नाही, रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात.

सामान वाढले की गोंधळ वाढतो. पांढऱ्या दाराआड ठेवलेले नजरेआड होते आणि नजरेआडचे विसरले जाते. चाळीतला कांदा सडला तर वास देतो. फ्रीझरमधला पुडा गप्प बसतो. म्हणून तिथे लेखी हिशेब हवा. प्रत्येक पुड्यावर नाव आणि तारीख, दारावर एक यादी, जुने पुढे, नवे मागे. मांस खालच्या खणात, भाजी-फळे वरच्या. तापमान उणे 18 अंश. वीज गेली तर दार उघडू नये. गच्च भरलेला फ्रीझर दोन दिवसांपर्यंत गार राहू शकतो, अर्धा भरलेला साधारण एक दिवस. गावाला जाताना पेल्यात पाणी गोठवून त्यावर एक नाणे ठेवावे. परतल्यावर ते तळाशी दिसले, तर मधल्या काळात सारे वितळून पुन्हा गोठले असे समजावे आणि तसले मांस खाऊ नये.

कांद्याला पाणी देण्यासाठी कुणी रात्रीची थंडी अंगावर घेतलेली असते. मटाराच्या शेंगा कुणी वाकून वाकून तोडलेल्या असतात. ते कष्ट बर्फाखाली विसरून टाकून देणे बरे नव्हे. येत्या रविवारी फ्रीझर एकदा पूर्ण रिकामा करा, सगळ्यात जुन्या तारखेचा पुडा बाहेर काढा आणि त्याची भाजी त्याच दिवशी शिजवा.