आधी गाठ, मग रॉड

बास हा मासा परभणी जिल्ह्यात नाही. येलदरीत नाही, लोअर दुधनात नाही, गोदावरीच्या एकाही डोहात नाही. तो मूळचा उत्तर अमेरिकेचा. तरीही ऑनलाइन मागवलेला रॉड जिंतूरला किंवा गंगाखेडला घरपोच येतो, तेव्हा त्याच्यासोबतची सगळी शिफारस बासच्या मापाने केलेली असते. लांबी किती, रील कोणते, दोरी किती जाड, सगळे त्याच्यासाठी. घेणाऱ्याच्या पुढ्यात मात्र मरळ असते, रोहू असतो, कटला असतो, वाम असते.

बासचे वेड साधे नाही. 2 जून 1932 रोजी अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी या तरुण शेतकऱ्याने 22 पौंड 4 औंसांचा, म्हणजे दहा किलोंच्या थोडा वरचा बास धरला. तो विक्रम 77 वर्षे कुणाला गाठता आला नाही. 2 जुलै 2009 रोजी जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांना त्याहून किंचित जड मासा लागला. पण जुना विक्रम मोडायला किमान दोन औंस जास्त लागतात, म्हणून आज दोघांची नावे बरोबरीने लावली जातात. एवढ्या वेडावर मोठा बाजार उभा राहिला आणि त्या बाजारात प्रत्येक आमिषासाठी वेगळा रॉड तयार झाला.

गंमत अशी की आपली मरळ तिकडे गुन्हेगार ठरली आहे. स्थानिक माशांना खाऊन टाकील या भीतीने 2002 मध्ये अमेरिकेने मरळीच्या कुळातले जिवंत मासे आयात करण्यावर बंदी घातली. तोवर फ्लोरिडाच्या कालव्यांत मोठी मरळ शिरलेली होतीच. आता तिथले लोक बासच्याच रॉडने तिच्या मागे असतात. त्यामुळे बासचे साहित्य परभणीत निरुपयोगी आहे असे म्हणता येत नाही. मरळही गवताच्या आडोशाला दबा धरून बसते, वरून जाणाऱ्या बेडकावर झडप घालते आणि लगेच झाडोऱ्यात घुसते. प्रश्न साहित्याचा नाही, ते निवडण्याच्या क्रमाचा आहे.

दुकानात नजर आधी रॉडवर जाते. मग रील. उरलेल्या पैशांत दोरी, सुट्या पैशांत गळ. गाठ कुणी विकत नाही, म्हणून तिचा विचारच होत नाही. माशाचा ओढा नेमका उलट्या वाटेने येतो: आधी गळावर, मग गाठीवर, मग दोरीवर, मग रीलच्या ड्रॅगवर, म्हणजे ताण वाढला की दोरी सोडणाऱ्या ब्रेकवर, आणि सर्वांत शेवटी रॉडवर. निवडही त्याच वाटेने करावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

गळाने मासे धरणे या भागाला नवे नाही. परभणीच्या दक्षिणेला, आज कर्नाटकातल्या बिदर जिल्ह्यात असलेल्या कल्याणी नगरीत बाराव्या शतकात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर राज्य करीत होता. त्याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे आणि ते गळाने मासे धरण्यावर आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी 1951 मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. इंग्रजीत या विषयावरचे पहिले छापील लेखन 1496 चे, म्हणजे साडेतीनशेहून अधिक वर्षे नंतरचे. राजाने माशांच्या जाती सांगितल्या आहेत आणि कोणाला काय चारावे हेही सांगितले आहे. पुढे मद्रास इलाख्यातले अधिकारी एच. एस. थॉमस यांनी 1873 मध्ये ‘द रॉड इन इंडिया’ आणि 1887 मध्ये खास तलावांसाठी ‘टँक अँगलिंग इन इंडिया’ लिहिले.

तेव्हा निवडीची सुरुवात माशाच्या तोंडापासून. कटल्याचे तोंड मोठे आणि वर वळलेले. तो वरच्या थरात चरतो. रोहू मधल्या थरात, मृगळ तळाशी. या तिघांना कणकेचा किंवा भिजवून आंबवलेल्या पेंडेचा गोळा चालतो, गळ मात्र गोळ्यात लपेल एवढा लहान हवा. मरळीचे तोंड हाडाचे आणि दातांचे. तिला जाड तारेचा, मोठा गळ लागतो. गळाच्या आकड्यांत नवखा माणूस नेहमी गोंधळतो. 10 नंबरचा गळ 4 नंबरपेक्षा लहान असतो, 1 नंबरपर्यंत आकार वाढत येतो आणि तिथून पुढे 1/0, 2/0, 3/0 असे आकडे पुन्हा चढतात. रोहूसाठी 4 ते 8 आणि मरळीसाठी 1/0 ते 3/0 यांच्या आसपास राहिले की बहुतेक काम भागते.

आता गाठ. शेतातल्या माणसाला गाठी शिकवाव्या लागत नाहीत. सुरगाठ आणि निरगाठ त्याच्या हातातच असते. अडचण दोरीची आहे. सुती कासऱ्यात घट्ट बसणारी गाठ तंगुसात सरकते, कारण तंगूस गुळगुळीत असतो आणि ताणला की बारीक होतो. म्हणून त्याच्या गाठीत वेढे जास्त लागतात. सर्वांत प्रचलित आहे ती क्लिंच गाठ: टोक गळाच्या नेढ्यातून ओवायचे, मूळ दोरीभोवती पाच-सहा वेढे द्यायचे, टोक नेढ्यालगतच्या कडीतून आणि मग नव्याने झालेल्या मोठ्या कडीतून काढायचे. तंगुसासाठी ती उत्तम. विणलेल्या दोरीवर, म्हणजे ब्रेडवर, ती घसरते.

ब्रेडसाठी पॅलोमार. दोरी दुमडून तिचा दुपदरी फास नेढ्यातून ओवायचा. त्याच दुपदरी दोरीची एक सैल, साधी गाठ मारायची आणि गळ खाली लोंबता ठेवायचा. मग फास रुंद करून अख्खा गळ त्यातून पार करायचा. शेवटी थुंकीने गाठ ओली करायची आणि दोन्ही टोके एकत्र धरून सावकाश आवळायची. ओली करणे हा सोपस्कार नाही. कोरडी दोरी झटक्याने आवळली की घर्षणाने तापते, नायलॉन तिथेच मऊ पडते आणि चांगली दोरी गाठीशी निम्म्या ताकदीची होऊन बसते. वरून ते दिसतही नाही.

दिसत नाही म्हणून तपासावे लागते. सामान तोलायचा हुकाचा काटा घरात असेल तर तेवढे पुरते. गळाऐवजी किल्लीच्या कडीला गाठ मारावी, कारण तुटलेला गळ डोळ्याकडे उडू शकतो. दुसरे टोक काट्याला अडकवून ओढत जावे आणि कितीवर तुटते ते पाहावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तुटलेले टोक पाहावे. ते डुकराच्या शेपटीसारखे कुरळे झाले असेल तर गाठ सरकून सुटली: वेढे कमी पडले किंवा टोक फार आखूड कापले. टोक सरळ, तुटकेच असेल तर दोरी तुटली, गाठीने काम केले. परीक्षा दहा मिनिटांची. महागड्या रॉडची पावती हे सांगू शकत नाही.

दोरीकडे वळले की तीन नावे समोर येतात. नायलॉन 1935 मध्ये ड्यूपाँ कंपनीत वॉलेस कॅरोथर्स यांच्या प्रयोगशाळेत जन्मले. आपला तंगूस म्हणजे त्याचाच एकेरी धागा. तो ताणतो, आणि हा त्याचा दोष तसाच गुणही. रोहूने अचानक उसळी घेतली तर तो ताण तोंड फाटू देत नाही. दुसरा फ्लोरोकार्बन. पाण्याचा अपवर्तनांक 1.33, फ्लोरोकार्बनचा 1.42 आणि नायलॉनचा 1.5 च्या पुढे; म्हणून तो पाण्यात कमी दिसतो. हे खरे, पण ऑगस्टमध्ये काळ्या मातीचा गाळ घेऊन वाहणाऱ्या दुधनेत तळहातभर खोलीवरचे काही दिसत नाही. तिथे अदृश्य दोरीला जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही. हिवाळ्यात येलदरीचे पाणी निवळले की मग फ्लोरोकार्बनचा हातभर तुकडा गळाशी जोडावा.

तिसरी ब्रेड. पॉलिएथिलीनच्या धाग्यांची वीण, तितक्याच जाडीच्या तंगुसापेक्षा कितीतरी ताकदवान, आणि ताण जवळजवळ नाही. जलपर्णीतून मरळ खेचून काढायची असेल तर तिला पर्याय नाही. पण आपल्याकडे धरणाचा काठ बहुधा काळ्या दगडाचा, आणि ताणलेली ब्रेड दगडाच्या धारेवर घासली की पटकन कापली जाते. म्हणून पुढे दीड-दोन हात जाड तंगूस जोडायचा. जोड डबल युनी गाठीचा: दोन्ही दोऱ्या समोरासमोर धरून प्रत्येकीची गाठ दुसरीवर मारायची आणि ओढून एकमेकींना भिडवायची. खरेदी करताना पौंडांच्या आकड्यावर भाळू नये. स्वस्त ब्रेडवर तो वाटेल तसा छापलेला असतो. मिलिमीटरमधली जाडी पाहावी. आणि तंगूस परभणीच्या मे महिन्याच्या उन्हात, गाडीच्या डिक्कीत ठेवू नये. ऊन नायलॉनला खाते.

रीलबद्दल थोडक्यात सांगता येते, कारण नवख्याला एकच घ्यायचे आहे. आज सगळीकडे दिसणारे स्पिनिंग रील ब्रॅडफर्डचे गिरणीमालक आल्फ्रेड इलिंगवर्थ यांच्या 1905 च्या पेटंटपासून रुळले. त्यात दोरीची रीळ फिरत नाही; दोरी तिच्या टोकावरून सुटत जाते. बासवाल्यांना आवडणाऱ्या बेटकास्टिंग रीलमध्ये रीळच गरगरते. अंगठ्याने तिला वेळीच आवर घातला नाही की आमिष हवेत थांबते, रीळ थांबत नाही आणि हातात गुंता येतो. हलक्या आमिषाला आणि समोरच्या वाऱ्याला तर ती हमखास दगा देते. सुरुवात 2500 किंवा 3000 आकाराच्या स्पिनिंग रीलने करावी. तळाशी जड चारा टाकून बसायचे असेल तर 4000. बेअरिंग किती, याची जाहिरात वाचू नये. ड्रॅग थोडा घट्ट करून दोरी हाताने ओढावी. ती अडखळत, झटक्याने सुटली तर रील परत ठेवावे.

ड्रॅग दोरीच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यावर लावतात. दोरी 12 पौंडांची, म्हणजे साधारण साडेपाच किलोंची असेल तर ड्रॅग दीड किलोच्या आसपास सुटला पाहिजे. इथेही तोच हुकाचा काटा कामाला येतो.

आणि मग रॉड. त्यावर दोन गोष्टी छापलेल्या असतात: किती ग्रॅमचे आमिष आणि किती पौंडांची दोरी. दोरी आधीच ठरली असल्यामुळे निम्मी निवड झालेली असते. ‘पॉवर’ म्हणजे रॉड किती ताकद सोसतो, ‘ॲक्शन’ म्हणजे तो कुठून वाकतो. फास्ट रॉड टोकाशी वाकतो, मॉडरेट मध्यापासून. मरळीच्या हाडाच्या तोंडात गळ रुतवायला फास्ट, मीडियम हेवी, सात फुटी रॉड बरा. रोहू-कटल्याला मध्यापासून वाकणारा, मऊ रॉड. काठ मोकळा असेल तर आठ-नऊ फुटांचा रॉड लांब फेकतो. वेड्या बाभळीने काठ भरला असेल तर तोच रॉड फांद्यांत अडकतो. फायबरग्लास जड, पण धसमुसळेपणा सोसणारा. कार्बन हलका, बारीकशी हालचालही हाताला कळवणारा आणि आपटला तर तडकणारा. कार्बनमधून वीज वाहते, हे दुकानदार सांगत नाही. विजेच्या तारांखाली रॉड उभा करू नये आणि वळवाच्या किंवा परतीच्या पावसात गडगडाट ऐकू आला की तो खाली ठेवून काठ सोडावा.

रॉडच नसेल तरी अडत नाही. गोदावरीच्या काठाला रिकाम्या प्लास्टिकच्या बाटलीभोवती तंगूस गुंडाळून, पुढे शिसे आणि गळ लावून हाताने फेकणारे लोक भेटतात. त्यांच्याकडे ना पॉवर ना ॲक्शन. पण त्यांची गाठ पाहण्यासारखी असते, आणि मासा ओढायला लागला की ताणलेली दोरी बोटांतून किती सोडायची हे त्यांना कळते. ड्रॅग हेच काम चकत्यांनी करतो.

शेवटी काठावरच्या वागण्याबद्दल दोन शब्द. धरणे आणि तलाव मासेमारीसाठी बहुधा सहकारी सोसायट्यांना ठेक्याने दिलेले असतात. त्यातले बीज त्यांनी सोडलेले असते. गळ टाकण्याआधी त्यांना विचारावे. 1968 मध्ये पूर्ण झालेल्या येलदरीच्या पायथ्याशी वीजनिर्मिती केंद्र आहे. खालच्या पात्रात बसणाऱ्याने पाणी वाढू लागले की लगेच वर यावे. पावसाळ्यात लालसर पिलांचा थवा पाण्यावर दिसला तर त्याच्याखाली राखण करणारी मरळ असते. तिच्यावर बेडूक टाकू नये. ती गेली की पिले इतर माशांच्या तोंडी जातात. आणि तुटलेल्या तंगुसाचे तुकडे काठावर टाकू नका, खिशात घालून घरी आणा. बगळ्यांच्या पायांत ते अडकतात, आणि नायलॉन कुजत नाही.